बाइकचं ऑइल: कोणतं घ्यायचं, कधी बदलायचं आणि पैसे कुठे वाचतात

ऑइलची बाटली चारशेची घ्यावी की साडेआठशेची, यावर मी दुकानात उभी राहून जेवढा विचार करायचे, तेवढा ती किती दिवसांनी घ्यावी लागते यावर कधी केला नव्हता. ठाण्याजवळच्या कळव्याहून नवी मुंबईतल्या महापेला रोज बाइकने जाते. जाऊन-येऊन २४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे वर्षाला साधारण ७,२०० किलोमीटर. गाडी बाबांची, शंभर सीसीची. त्यांच्या काळापासून घरात एकच नियम चालत आला होता: दोन हजार झाले की ऑइल बदला. एका दिवाळीत कपाट आवरताना वर्षभराच्या पावत्या हाती लागल्या आणि वहीत हिशेब मांडून बसले.

तोच हिशेब इथे गोल आकड्यांत मांडते. समजा बाटली ४०० रुपयांना आणि मजुरी १००, म्हणजे एका वेळचे ५०० रुपये. दर २,००० किलोमीटरला बदललं तर वर्षात सरासरी ३.६ वेळा बदलावं लागतं, १,८०० रुपये जातात. दर ४,००० ला बदललं तर ९००. आता ८५० ची सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात खास प्रक्रियेने बनवलेल्या ऑइलची बाटली घ्या, मजुरी धरून ९५०. ती ६,००० चालवली तर वर्षाला १,१४० रुपये. पण तीच महागडी बाटली जुन्या सवयीने दर २,००० ला ओतून दिली तर ३,४२० रुपये! आमच्या ओळखीतले कितीतरी जण नेमकं हेच करतात. ऑइल भारीतलं टाकतात आणि ते अर्धंही वापरून व्हायच्या आत काढून टाकतात.

म्हणून ऑइलची किंमत दर हजार किलोमीटरला किती पडते ते बघावं. पण दोन बदलांमधलं अंतर नुसतं मनाने वाढवून चालत नाही. त्यासाठी इंजिनात ऑइलचं नेमकं काय होतं हे थोडं समजून घ्यावं लागतं.

एकच ऑइल, तीन ठिकाणी राबणारं

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. आपल्या बहुतेक बाइकमध्ये एकच ऑइल इंजिनात फिरतं, गिअरच्या दातांमध्ये चेपलं जातं आणि क्लचच्या प्लेटाही त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. शिवाय कारमध्ये तीन-चार लिटर असतं, शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकमध्ये जेमतेम एक लिटर किंवा त्याहून कमी. थोड्या ऑइलावर जास्त काम पडतं.

वंगण हे त्याचं मुख्य काम. त्याशिवाय ते पिस्टनजवळची उष्णता बाहेर आणतं, काजळी आणि धातूचे बारीक कण स्वतःत धरून ठेवतं, पिस्टन रिंगभोवती पातळ थर धरून दाब टिकवतं आणि आतल्या भागांना गंजू देत नाही. यासाठी मूळ तेलात निरनिराळी रसायनं मिसळलेली असतात. ऑइल 'संपतं' म्हणजे मुख्यतः ही रसायनं खर्च होतात. गिअरचे दात आणखी एक गोष्ट करतात. ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. गिअरमध्ये सापडून त्या साखळ्या तुटत जातात आणि ऑइल हळूहळू पातळ पडतं. गिअर बदलताना पूर्वीपेक्षा खडखड जाणवू लागली, तर बऱ्याचदा त्यामागे हेच असतं.

गॅरेजमध्ये डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून दाखवतात आणि म्हणतात, "ताई, बघा, पार काळं झालंय." काळं झालेलं असतंच. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं काम आहे, ते धरलंय म्हणून रंग बदलला. हजार-दीड हजार किलोमीटरमध्येच चांगलं ऑइल काळपट दिसायला लागतं. नुसत्या रंगावरून बदलायची घाई करू नका. बोटांत चोळून खरखर लागली, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा रंग दुधाळ दिसला, तर मात्र लगेच लक्ष द्या.

पुस्तिका काय म्हणते आणि कळवा नाका काय म्हणतो

गाडीसोबत आलेली पुस्तिका शोधा. हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ती फुकट मिळते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दर ६,००० किलोमीटरला ऑइल बदला आणि मध्ये ३,००० ला पातळी बघून भर घाला, असं लिहिलंय. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. त्याच्याबरोबर महिन्यांचीही मुदत दिलेली असते आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं असतं. बाबांच्या पिढीचं 'दोन हजार' त्या वेळच्या ऑइलला आणि त्या वेळच्या इंजिनांना धरून होतं. ऑइल सुधारलं, सवय मात्र तशीच राहिली.

तरीही मी पूर्ण ६,००० चालवत नाही. किलोमीटरचा काटा गर्दीत फसवतो. पावसाळ्यात कळवा नाक्यापासून विटाव्यापर्यंत पोचायला कधी कधी पाऊण तास लागतो. इंजिन पाऊण तास चालू, काटा दोन किलोमीटर पुढे. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात कापूरबावडीपासून रोज रांगत जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हवेवर थंड होणारं इंजिन गाडी चालती असतानाच नीट थंड होतं. उभ्या गाडीत ऑइल तापत राहतं आणि लवकर म्हातारं होतं.

दुसरी अडचण छोट्या फेऱ्यांची. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलात उतरते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चांगलं तापलं तर ते पाणी पुन्हा उडून जातं. पण कोपरखैरण्याच्या सेक्टरमधून स्टेशनपर्यंत दीड किलोमीटर जाऊन गाडी दिवसभर उभी करणाऱ्याचं इंजिन तेवढं तापतच नाही. पाणी आतच साचत जातं. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला पिवळट-पांढरी साय दिसते, ती हीच. अशा गाडीचे किलोमीटर कमी झाले तरी ऑइल मुदतीवर बदलावं, निदान वर्षातून एकदा तरी. आणि आठवड्यातून एकदा गाडीला पाम बीच रोडवर सलग अर्धा तास फिरवून आणावं.

म्हणून माझ्यापुरता मी ४,००० चा आकडा धरला आहे. पुस्तिकेपेक्षा कमी आणि नाक्यावरच्या दोन हजारांच्या रूढीच्या दुप्पट. एखादा रोज ठाण्याहून पनवेलला मोकळ्या वेळेत, एका वेगाने जात असेल, तर त्याने पुस्तिकेचा पूर्ण आकडा बिनधास्त वापरावा. नवीन गाडीचा पहिला बदल मात्र कधीच लांबवू नका. नव्या भागांच्या घर्षणातून निघालेले धातूचे कण त्या पहिल्या ऑइलात असतात. वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणेच करा आणि बिलं जपून ठेवा.

पावसाचं एक वेगळं सांगते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दरवर्षी पाणी साचतं. त्यात गाडी बुडून बंद पडली, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलत बाजूला घ्या आणि डिपस्टिक काढून बघा. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर आत पाणी गेलंय. ते ऑइल काढल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. बऱ्याचदा एका बदलात पाणी पूर्ण निघत नाही, थोडं चालवून दुसऱ्यांदा बदलावं लागतं. अशा वेळी दोन बाटल्यांचे ८०० रुपये वाचवायला गेलं तर पुढे अख्ख्या इंजिनचं काम काढावं लागतं.

बाटलीवरची अक्षरं

दुकानदार 'ट्वेंटी-फोर्टी देऊ का टेन-थर्टी?' असं विचारतो, तेव्हा तो दाटपणाबद्दल बोलत असतो. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज हलतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं गार असतानाही ऑइल पटकन वर चढतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते सांगतो: ३० पेक्षा ४० दाट, ४० पेक्षा ५० दाट.

१०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ अंशांना होते आणि २०डब्ल्यू ची उणे १५ अंशांना. ठाण्यात एवढी थंडी कुठली? मग 'आपल्याकडे उकाडा आहे, दाटच टाका' हा गॅरेजचा सल्ला बरोबर वाटायला लागतो. तो अर्धवट आहे. इंजिनच्या आतल्या फटी, ऑइल पंप आणि ऑइलच्या वाटा कंपनीने एका ठरावीक दाटपणाला धरून बनवलेल्या असतात. हिरो स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलंय, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी इंजिनांना १५डब्ल्यू-५०. या दोन्ही गाड्या एकाच ठाण्यात, एकाच उन्हात चालतात. फरक इंजिनांत आहे. छोट्या इंजिनात नको इतकं दाट ऑइल टाकलं तर सकाळी ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मायलेजही घटतं. पुस्तिकेत हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिले असतील तर त्यांतला एक निवडा, त्याच्या बाहेर जाऊ नका.

मग येतं एपीआय, म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची दर्जाची खूण, आणि त्यापुढची अक्षरं: एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरं अक्षर इंग्रजी वर्णमालेत जितकं पुढे, तितका दर्जा नवा. पुस्तिकेत एसएल मागितलं असेल तर एसएल किंवा त्यापुढचं चालतं.

सगळ्यांत महत्त्वाचं अक्षर मात्र सगळ्यांत बारीक छापलेलं असतं: जासो एमए, एमए२ किंवा एमबी. ही जपानी मानकाची खूण आहे. बाइकचा क्लच ऑइलात भिजलेला असतो, तरी त्याच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट पकडायला हवं. एमए आणि एमए२ ऑइलात ती पकड टिकते, एमए२ मध्ये जास्त. एमबी ऑइल जास्त निसरडं असतं. ते स्कूटरसाठी आहे, कारण अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलला लागतच नाही. तिथे निसरडेपणाचा फायदा मायलेजला मिळतो.

हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं. मामांच्या कारचं लिटरभर चांगलं, महागातलं सिंथेटिक ऑइल शिल्लक होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून मी ते बाइकमध्ये ओतून घेतलं. पहिले काही दिवस इंजिन इतकं मऊ चालत होतं की मी खूश होते. मग एका संध्याकाळी मैत्रिणीला मागे बसवून मुंब्रा बायपासचा चढ चढत होते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. मागून ट्रकांची रांग. क्लच घसरत होता. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं असतात, बाटलीवर कधी कधी 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं छापलेलं असतं, ते माझ्या क्लच प्लेटांना मानवलं नव्हतं. ऑइल बदललं तरी प्लेटा सावरल्या नाहीत, त्या नव्या घालाव्या लागल्या. फुकटच्या एका लिटरपायी चार बाटल्यांचे पैसे गेले, आणि त्या चढावर जी भीती वाटली ती वेगळीच.

घरात बाइक आणि स्कूटर दोन्ही असतील तर हे उलटसुलट नीट लक्षात ठेवा. ग्रेड तोच असेल तर एमए ऑइल स्कूटरमध्ये गेल्याने नुकसान होत नाही, मायलेज किंचित कमी मिळेल. एमबी ऑइल बाइकमध्ये टाकू नये. आणि स्कूटरवाल्यांनी मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल विसरू नये. ते पाव लिटरपेक्षाही कमी असतं, फार क्वचित बदलावं लागतं, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही.

सिंथेटिक घ्यावं का?

शंभर ते सव्वाशे सीसीची, ऑफिसला जायची गाडी असेल आणि पुस्तिकेने मागितलं नसेल, तर माझ्या मते गरज नाही. योग्य ग्रेडचं साधं मिनरल, म्हणजे खनिज तेलापासूनचं ऑइल वेळेवर बदललं की ती इंजिनं उत्तम चालतात. सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, हे खरं आहे. लिक्विड कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड होणारी, जास्त आरपीएमची गाडी असेल, तासन् तास गर्दीत तापणारी असेल किंवा लांबचे प्रवास असतील, तर पैसे सार्थकी लागतात, अट एवढीच की त्याचं पूर्ण आयुष्य वापरायचं. सेमी-सिंथेटिकमध्ये, म्हणजे दोन्हींच्या मिश्रणात, सिंथेटिक नेमकं किती, हे बाटलीवर बहुधा लिहिलेलं नसतं. आणि 'फुल्ली सिंथेटिक'चा अर्थही वाटतो तेवढा काटेकोर नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचा जाहिरातीवरून वाद झाला. त्याचा निकाल असा लागला की खनिज तेलावरच खूप खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून तसंच चाललंय. म्हणून शब्दापेक्षा ग्रेड, एपीआय आणि जासो बघा.

'एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरलवर येता येत नाही' असंही सांगतात. खुशाल येता येतं. गॅरेजमध्ये देऊ करतात ते इंजिन आतून धुणारे फ्लश आणि वरून घालायच्या छोट्या बाटल्या पुस्तिकेत कुठेच नसतात. त्यावर मी एक रुपया खर्च करत नाही, कारण निसरडेपणा वाढवणारं रसायन क्लचचं काय करतं ते मी बघितलंय.

जी गोष्ट फुकट आहे

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा आत घाला. बऱ्याच गाड्यांत तपासताना ती फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. हे पुस्तिकेत बघून घ्या, नाहीतर पातळी चुकीची दिसते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं.

गाडीत ८०० मिली असेल आणि त्यातलं २०० जळून गेलं, तर पाव हिस्सा कमी झाला. उरलेलं जास्त तापतं, लवकर खराब होतं. जुनी गाडी थोडं ऑइल खातेच, आणि नेमके तिचेच मालक ४,००० किलोमीटर झाकण उघडत नाहीत. बोअर-पिस्टनचं काम निघतं ते बहुधा अशा गाड्यांचं. पंधरा दिवसांतून एकदा बघायला दोन मिनिटं लागतात. वरच्या खुणेच्या पुढेही भरू नका. जादा ऑइल घुसळून फेसाळतं आणि एअर फिल्टरपर्यंत जातं.

भर घालायला ऑइल कुठून आणायचं? तुमच्याच बाटलीतून. माझ्या गाडीला बदलताना ८५० मिली लागतं, बाटली एक लिटरची. उरलेलं १५० मिली पूर्वी गॅरेजमध्येच राहायचं. आता झाकण घट्ट लावून घरी आणते. सात वेळच्या उरलेल्याची एक अख्खी बाटली होते.

बाटली स्वतः घेऊन जावी आणि समोर फोडून घ्यावी. झाकणाखालचं सील, बॅच नंबर, तारीख, छपाईचा नीटनेटकेपणा बघावा आणि रिकामी बाटली कापून टाकावी, म्हणजे तिच्यात नकली ऑइल भरून कुणी विकू शकणार नाही. एमआरपीमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतोच आणि बरेच दुकानदार एमआरपीच्या खाली देतात, विचारायला संकोच करू नका. पेट्रोल पंपावर मिळणारी सर्वो, मॅक किंवा एचपीची ऑइलही बघा. योग्य ग्रेड आणि जासोची खूण असेल तर नाव मोठं हवंच असं काही नाही.

घरी बदलायचं असेल तर मजुरीही वाचते. इंजिन कोमट असताना खालचा ड्रेन बोल्ट काढायचा, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं, जाळी किंवा फिल्टर असेल तर पुस्तिकेप्रमाणे साफ करायचा किंवा बदलायचा, बोल्टचा वॉशर नवा घालायचा. वॉशर काही रुपयांना मिळतो, जुना ठेवला तर थेंब थेंब गळतं. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मगच पाना लावा. लांब पान्याने जोर काढला की अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात, आणि तो खर्च पाच-सहा वर्षांच्या मजुरीपेक्षा मोठा असतो. हाताला अंदाज नसेल तर १०० रुपये देऊन समोर उभं राहून करून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

निघालेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारं नाल्यांना आणि नाले ठाणे खाडीला मिळतात. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो उतरतात, ती ही खाडी. २०२२ पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदलेली आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं आणि त्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरात आणणारे नोंदणीकृत कारखाने असतात. मी ते जुन्या कॅनमध्ये भरून ठेवते. जिथून असं ऑइल नियमाने उचललं जातं, त्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारून ठेवलंय. कॅन भरला की शनिवारी तिथे नेऊन देते.